गळती तपासनिसाची लोकरी घडी

नळांच्या कारखान्यात तो गळती तपासायचा. आपण पास केलेला नळ थेंबभर जरी ठिबकला तर नाव बदलून टाकीन, असं छातीठोकपणे सांगायचा. आणि घरी त्याचं स्वतःचं तान्हं पोर रोज पहाटे लंगोट, दुपटं, गादी सगळं भिजवून अख्खं घर डोक्यावर घ्यायचं.

"तिकडे मारे गळत्या थांबवतोस," बायको म्हणाली, "घरातला एवढासा नळ तेवढा तुला आवरेना. उद्या मला कामावर जायचंय. आजची एक रात्र तरी सलग झोपू दे रे."

ती औषधांच्या दुकानाची मॅनेजर. बाळंतपणाची रजा संपून उद्या पहिला दिवस, आणि दुकानाच्या किल्ल्या कालच तिच्याकडे आलेल्या. पेंगत काउंटरवर बसले तर खोकल्याच्या माणसाला जुलाबाचं औषध जाईल, या धास्तीनं ती रडकुंडीला आली होती. तिचं ते तोंड बघून त्याला खरंच वाईट वाटलं.

त्यानं मोबाईलवर व्हिडिओ शोधला. रात्री लंगोटात लोकरीची जाड घडी ठेवायची, लोकर पाणी पिऊन धरून ठेवते, असं त्यात होतं. लोकर घरातच होती. बाळासाठी येऊन राहिलेल्या सासूबाईंनी हौसेनं विणलेला हिरवा स्वेटर अंगाला टोचतो म्हणून त्यानं कपाटात दडवला होता आणि हिवाळाभर 'धुवायला दिलाय' म्हणून वेळ मारून नेली होती. स्वेटर पातेल्यात उकळला, तो आटून घोंगडीसारखा घट्ट झाला. त्याचे तुकडे कापून, एकावर एक रचून त्यानं झकास घड्या शिवल्या.

मग सवयीनं त्यानं एक घडी नळाखाली धरली. पाणी आत मुरलं आणि थोड्या वेळानं खालून ठिबकलं.

"नापास," तो पुटपुटला.

पाणी अडावं म्हणून लंगोटावरून घालायच्या लोकरी चड्डीला लोकरीची चरबी, म्हणजे लॅनोलिन, चोळा, असं व्हिडिओत सांगितलं होतं. यानं चड्डीचा विचारच केला नाही, औषधांच्या दुकानातून आणलेली अख्खी डबी घड्यांनाच चोपडली. पुन्हा पाणी ओतलं. खाली थेंब नाही. तपासनीस खूश.

"आई, आता बिनधास्त मांडीवर घ्या त्याला," त्यानं सासूबाईंना सांगितलं. "थेंब खाली येणार नाही."

खाली खरंच आला नाही. सगळं पाणी घडीवरून घसरलं आणि दोन्ही बाजूंनी सासूबाईंच्या नव्या साडीवर आलं.

सासूबाईंनी शांतपणे घडी बाहेर काढली, बोटांनी चाचपली. "जावईबापू, ही पाणी पीतच नाही हो. हिला अडवायला शिकवलंत तुम्ही." मग घडी उजेडात धरली. "आणि धुवायला दिलेला स्वेटर आला वाटतं परत."

"थोडा आटला," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"दिसतंय."

त्यांनी निम्म्या घड्या गरम पाण्यात साबण लावून खसाखसा धुतल्या, चरबी पार घालवली आणि उन्हात टाकल्या. रात्री त्या पिणाऱ्या घड्या आत आणि चोपडलेल्या बाहेर, असा बंदोबस्त करून बाळाला निजवलं.

बायकोनं डोळे उघडले तेव्हा खोलीत लख्ख ऊन होतं. शेजारी बाळ पायाचा अंगठा चोखत मजेत पडलेलं. गादी कोरडी, दुपटं कोरडं. तिनं समाधानानं आळस दिला आणि अर्ध्यावरच थांबली.

"अरे, वाजले किती?"

बाळ झाल्यापासून या घरात कुणी गजर लावलाच नव्हता. पहाटे ते भिजायचं, भोकाड पसरायचं, घर उठायचं. आज कोरडं राहिल्यावर उठवणार कोण? सासूबाईसुद्धा पलीकडच्या खोलीत घोरत होत्या. तेवढ्यात दुकानातल्या नोकराचा फोन आला. कुलपाबाहेर नोकर आणि गिऱ्हाईकं ताटकळत उभी होती.

बायको केसांत कंगवा तसाच ठेवून किल्ल्या घेऊन पळाली. "आज रात्री त्याला जुनाच लंगोट बांध," ती जिन्यातून ओरडली.

"झोप तर झाली ना गं?" डोळे चोळत सासूबाई म्हणाल्या, आणि नव्या स्वेटरसाठी जावयाच्या छातीचं माप घ्यायला टेप शोधू लागल्या.

तो कसाबसा निसटून धापा टाकत कारखान्यात पोचला. साहेब फाटकातच उभे होते.

"काय हो, आज इतका उशीर?"

"साहेब," तो मान खाली घालून म्हणाला, "घरी गळती झाली नाही."