रामटेकेबाबूंची सही

रामटेकेबाबूंना कोणी सहज "कसं काय, बरं हाय का?" असं विचारलं, तर ते लगेच "बरं हाय" म्हणत नसत. आधी तपासत. रस्त्यातच थांबून डावा गुडघा वाकवून पाहत, मग उजवा, मग एकेक डोळा झाकून समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत, आणि मग उत्तर देत, "डावा गुडघा बरा हाय. उजवा जरासा कुरकुरून राहिला. डोळे ठीक. पोटाचं संध्याकाळी सांगतो." विचारणारा तोवर पुढच्या वळणावर पोचलेला असे. पण संध्याकाळी रामटेकेबाबू त्याच्या दारात हजर. "पोटाचं राहून गेलतं सकाळी. साफ हाय."

याला कारण त्यांची नोकरी. भिलाईत तेव्हा पोलाद कारखाना उभा राहत होता. रशियाहून यंत्रं लाकडी खोक्यांत भरून यायची. एकेक खोका आमच्या झोपायच्या खोलीएवढा. ते खोके स्टोअरमध्ये उतरवून घ्यायचे आणि 'माल मिळाला' म्हणून चिठ्ठीवर सही करायची, एवढंच रामटेकेबाबूंचं काम. पण ते खोका उघडल्याशिवाय सही करत नसत. फळ्या काढा, भुसा काढा, एकेक नग यादीशी ताडून पाहा, मग सही. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवून बेजार.

"बाबूजी, ऊपर से तो ठीक दिख रहा है!"

"ऊपर से मैं भी ठीक दिखता हूँ," रामटेकेबाबू म्हणत. मग खोके उतरवणाऱ्या हमालांकडे वळून, "उघड, पाह्य, मंग सही."

हे 'उघड, पाह्य, मंग सही' त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की एकदा पोस्टाचा शिपाई तार घेऊन आला तेव्हा मोठाच पेच पडला. सही केल्याशिवाय शिपाई तार देईना, आणि वाचल्याशिवाय हे सही करीनात. दोघंही अर्धा तास उन्हात उभे. शेवटी शिपायानंच वैतागून तार फोडली आणि साऱ्या चाळीसमोर मोठ्यानं वाचली. मुलगा झाला, बाळ-बाळंतीण खुशाल. चाळीनं टाळ्या वाजवल्या. रामटेकेबाबूंचं तर लग्नच झालेलं नव्हतं! तार पलीकडच्या कॅम्पातल्या दुसऱ्या रामटेक्यांची होती.

"पाह्यलं?" ते शांतपणे म्हणाले. "सही केली असती तं पोरगं आलं असतं माझ्या गळ्यात."

मी त्यांचा शेजारी. भिलाईच्या रुआबांधा भागात मजुरांसाठी पत्र्याच्या खोल्यांची चाळ होती, तिथं आमच्या दोघांच्या मध्ये एकच पत्रा. मी साकोलीकडचा. सातवीतून शाळा सोडून आलेला, कारखान्यात उंचावर लोखंड चढवणाऱ्या टोळीत खलाशी, म्हणजे दोर घेऊन वर चढणारा मजूर. घर सोडून मी पहिल्यांदाच इतक्या लांब आलो होतो आणि मला सगळ्यांची भीती वाटे. कोणी दोन शब्द बरे बोललं की उपकारानं मान खाली जाई. मुकादमानं शिवी न देता हाक मारली तरी मी दिवसभर त्याचं भलं चिंतत असे.

असा मी एका सकाळी सायकलवरून पाळीवर चाललो होतो, तेव्हा एका ठेकेदाराच्या मोटारीनं मागून येऊन मला नालीत फेकलं. उजव्या पायाची नळी मोडली. दवाखान्यात मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं आणि दहा दिवसांनी मला खोलीवर आणून सोडलं.

स्वयंपाक कोण करणार? पहिल्या संध्याकाळी रामटेकेबाबू डबा घेऊन आले. डबा त्यांनी उंबऱ्यावर ठेवला आणि स्वतः बाहेरच उभे राहिले.

"घेशील का नाही ते तू पाह्य," ते म्हणाले. "साकोलीकडची गावं मले माहीत हायेत."

मलाही माहीत होती. आमच्या गावात त्यांच्या लोकांची वस्ती ओढ्यापलीकडे होती आणि आमच्या घरातलं कोणी तिकडे पाणीही पीत नसे. मी म्हटलं, "बाबू, मले उठता येत नाही. आत आणून द्या न जी." ते आत आले. त्यानंतर साडेतीन महिने मी त्यांच्याच हातचं जेवलो.

तिसऱ्या आठवड्यात, एका रविवारी, मोटारीच्या विमा कंपनीचा माणूस आला. तिवारीजी. पांढरे कपडे, हातात सफरचंदांची पिशवी. माझ्यासाठी कोणी सफरचंद आणण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, आईची चौकशी केली, आणि म्हणाले की कंपनी मला अडीचशे रुपये देते आहे. फक्त इथं एक सही.

अडीचशे! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलंसुद्धा, "साहेब, तुमच्यावर बोजा तं नाही न पडणार?"

तिवारीजींनी मोठ्या मनानं सांगितलं की नाही पडणार. मी पेन हातात घेतलं. आणि पत्र्यापलीकडून आवाज आला, "थांब बे!"

रामटेकेबाबू आले ते अर्ध्या दाढीला साबण तसाच. त्यांनी कागद घेतला, खाटेच्या काठावर बसले आणि इंग्रजी मजकुराच्या एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचू लागले. अर्धा तास लागला. साबण वाळून गेला. तिवारीजींनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि कंटाळून माझ्या पिशवीतलं एक सफरचंद खाऊन टाकलं.

"यात लिहिलं हाय," वाचून झाल्यावर रामटेकेबाबू मला म्हणाले, "का या पायाचं पुढं काहीही झालं, तरी तुझं काही मागणं राहणार नाही. कधीच." मग त्यांनी बोटाच्या पेरानं माझ्या प्लास्टरवर टकटक केलं. "हे काय हाय?"

"प्लास्टर."

"पॅकिंग हाय. खोका उघडला नाही अजून. आत काय निघते कोणाले माहीत?" आणि तिवारीजींना, "प्लास्टर खुलेगा, फिर देखेंगे, फिर सही."

"अरे बाबूजी, ये आदमी है, मशीन थोड़े ही है!"

"वही तो. मशीन का पार्ट रूस से दुबारा आ जाता है."

तिवारीजी उठले. आज सही नाही तर उद्या कंपनी एवढेही देणार नाही, असं मला बजावून गेले. उरलेली सफरचंदं ठेवून गेले, हा त्यांचा चांगुलपणा.

त्या दिवशी मी रामटेकेबाबूंवर फार चिडलो. "तुमच्या नादानं आलेलं गेलं माझं! घरी माय मनीऑर्डरची वाट पाहून राहिली. तुमचं काय जाते?"

ते राहिलेली अर्धी दाढी करायला निघून गेले. संध्याकाळी डबा नेहमीच्या वेळेला आला.

प्लास्टर निघालं आणि आत जे होतं ते मी पाहिलं. पाय काठीसारखा. घोटा वाकेना. आणि उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धा इंच आखूड. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की याला आता उंचावर चढवू नये. खलाशाला चढू नका म्हणणं म्हणजे घरी जा म्हणणंच. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. अडीचशेत मी हा पाय विकून बसलो असतो, हेही तिथंच डोक्यात आलं.

रामटेकेबाबू शेजारी बसले, कागद काढला आणि म्हणाले, "चाल, रिपोर्ट लिहू."

स्टोअरमध्ये फुटका माल आला की ते तीन रकान्यांचा रिपोर्ट करत. फुटलेलं, गहाळ, वाकलेलं. तसाच त्यांनी माझा केला. फुटलेलं: उजव्या पायाची नळी. गहाळ: अर्धा इंच पाय, साडेतीन महिन्यांचा पगार, आणि चढायचं काम.

"वाकलेलं?" त्यांनी विचारलं. "घोटा सोडून?"

मी जरा लाजलो. मग सांगितलं की कुबड्यांवर फिरायला लागल्यापासून मागून मोटारीचा आवाज आला की मी नालीत उतरतो. मोटार फर्लांगभर लांब असली तरी.

ते हसले नाहीत. त्यांनी ते वाकलेल्याच्या रकान्यात लिहिलं.

टोळीतल्या पोरांनी सल्ला दिला की दातही पडले म्हणून लिही, कंबरही गेली म्हणून लिही, पाच हजार माग. रामटेकेबाबू त्यांच्या अंगावर गेले. "चांगल्या नगाले फुटका लिहायचा नाही! मंग फुटक्यालेही कोणी फुटका मानत नाही."

विमा कंपनीच्या रायपूरच्या कचेरीत आम्ही दोघं गेलो. तिवारीजींचे साहेब होते. टेबलावर काच, डोक्यावर पंखा. मी आयुष्यात अशा खुर्चीवर बसलो नव्हतो, म्हणून अर्धाच टेकलो. साहेबांनी चारशेपासून सुरुवात केली. रामटेकेबाबूंनी रिपोर्ट वाचायला घेतला. साहेब मध्येच म्हणाले, "और साइकिल? वो भी तो टूटी होगी?"

"अगला चक्का टूटा," रामटेकेबाबू म्हणाले. "चेनकवर और घंटी पहले से ही नहीं थी. ब्रेक लगता नहीं था. वो सब हम नहीं माँगते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. विम्याच्या धंद्यात, ते म्हणाले, आपल्या मालातला दोष सांगणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. त्यानंतर त्यांनी रिपोर्टातल्या कशावरच वाद घातला नाही, नालीत उतरण्यावरसुद्धा नाही. फक्त चढणाऱ्या खलाशाच्या आणि खाली काम करणाऱ्याच्या पगारातला फरक किती वर्षांचा धरायचा, यावर तासभर खेचाखेच झाली. शेवटी साहेब आत जाऊन टेलिफोन करून आले आणि म्हणाले, "पंद्रह सौ."

रामटेकेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. "आता तू सांग. पाय तुझा हाय."

मी जन्मात कोणत्या साहेबाला नाही म्हटलेलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, आपके बहुत उपकार हैं. पर थोड़ा कम है."

सोळाशे झाले.

मग सहीचा कागद आला. रामटेकेबाबूंनी तो दोनदा वाचला, मी सही केली, आणि साक्षीदाराची जागा राहिली. साहेब म्हणाले साक्षीदार नात्यातला असला तर बरं. "ये आपके कौन लगते हैं?"

रामटेकेबाबूंचं पेन कागदावर थांबलं. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. सगळ्याची नोंद ठेवणारा माणूस, आणि तेवढ्या एका रकान्यात काय भरायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

"बड़े भाई हैं," मी म्हणालो.

साहेबांनी कागदावरची माझी सही पाहिली, लांजेवार. मग रामटेकेबाबूंकडे पाहिलं. "सगे?"

"हाँ."

रामटेकेबाबूंनी सही केली.

परतीच्या बसमध्ये कुम्हारी गाव आलं. रामटेकेबाबू खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "न तपासता बोलला तू तिथं."

"साडेतीन महिने तपासलं जी."

आणखी दोन गावं गेली. "तुझ्या मायचं नाव काय?"

"कावून?"

"मोठ्या भावाले मायचं नाव माहीत नको? उद्या कोणी चौकशी केली तं?"

"सरजाबाई."

"सरजाबाई," त्यांनी म्हणून पाहिलं. "माझी माय मी पाळण्यात असतानाच गेली. मले तिचा चेहराही ठाऊक नाही."

मी म्हटलं, "दिवाळीले चला न घरी." ते म्हणाले, आधी तिला विचार. सगळं सांगून विचार, आडनावासकट.

त्याच आठवड्यात मला कारखान्यात खालचं काम मिळालं, औजारखोलीत. त्याच आठवड्यात मी आईला पत्र टाकलं. काही लपवलं नाही. बारा दिवस उत्तर आलं नाही, आणि त्या बारा दिवसांत मी रामटेकेबाबूंच्या डोळ्याला डोळा देत नव्हतो. मग पोस्टकार्ड आलं, गावातल्या शाळेच्या गुरुजींच्या अक्षरात, आईच्या बोलीत. पायाची चौकशी होती, म्हैस व्यायल्याचं होतं. आणि खाली एवढंच, 'दिवाळीले दोघंही या. मोठा तिखट किती खाते ते कळवजो.'

मी ते पत्र रामटेकेबाबूंना वाचून दाखवलं. त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं, एकेका शब्दाखाली बोट फिरवत. मग पुन्हा पहिल्यापासून.

रामटेकेबाबूंना तिखट मुळीच सोसत नसे. एक मिरची जास्त झाली की दोन दिवस त्यांच्या पोटाची बातमी चाळभर फिरे.

"लिह्य," ते म्हणाले, "कितीही चालते म्हणावं."