सरपंचपतींचा जलप्रवास

बेलपारडी बुद्रुकचे सरपंच भुजंगराव दुधाटे हे सरपंच नव्हते. सरपंच त्यांच्या पत्नी पंचफुलाबाई होत्या. एवढी तांत्रिक बाब सोडली तर गावाचा कारभार सुरळीत चालला होता. जागा महिलेसाठी राखीव निघाली तेव्हा भुजंगरावांनी मोठ्या मनानं पत्नीचा अर्ज भरला, पत्नीचा प्रचार केला, पत्नीच्या विजयाचा गुलाल स्वतःच्या अंगावर घेतला आणि पत्नीच्या खुर्चीत बसून तीन वर्षं गावाची सेवा केली. बाईंची सही तर ते बाईंपेक्षा सुबक करायचे. ग्रामसेवक दिनकररावांना तीच सही ओळखीची झाली होती. एकदा चुकून पंचफुलाबाईंनी स्वतः सही केलेला कागद आला, तर त्यांनी 'सही संशयास्पद' असा शेरा मारून तो परत पाठवला होता.

अशात वरून पत्र आलं. जिल्ह्यातल्या बारा महिला सरपंचांची 'महिला सक्षमीकरण व जलव्यवस्थापन अभ्यासदौऱ्या'साठी निवड झाली होती. दौरा मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या एका आलिशान जहाजावर होता. पाण्याचा अभ्यास जहाजावर का, याचं कारणही पत्रात नमूद होतं: 'जहाजाच्या चारही बाजूंस पाणी उपलब्ध असल्याने.' शेवटी एक सवलत होती. प्रत्येक सरपंचाला एक सोबती नेता येणार होता.

"मी सरपंच म्हणून येतो," भुजंगरावांनी घरात जाहीर केलं. "बालाजीच्या माय, तू सोबती म्हणून चल. पाच-पंचवीस भाकरी घे, ठेचा घे. तिथलं आपल्याला सोसायचं न्हाई."

"पत्रात तर माझं नाव हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"मग? मतपत्रिकेवर बी तुझंच होतं."

पंचफुलाबाई भाकरी थापायला बसल्या.

भुजंगरावांनी परभणीहून काळा चष्मा आणला, दोन पांढऱ्या पँटी शिवून घेतल्या आणि बॅगेच्या तळाशी एक निळी फाईल ठेवली. तिच्यात नव्या पाण्याच्या टाकीचा ठराव होता. गावाच्या टोकाला भीमनगर आहे. तिथल्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं आणि आलं की तासाभरात परत जातं. त्या वस्तीसाठी टाकी मंजूर झाली होती आणि ठरावानुसार ती दुधाट्यांच्या मोसंबीच्या बागेत उभी राहणार होती. बाग भीमनगरपासून लांब होती, उताराला होती, पण मोसंबीला पाणी लागतं ही वस्तुस्थिती कोणी नाकारू शकत नव्हतं. फाईल सोबत नेण्याचं कारण साधं होतं. मागं ठेवली तर कोणीतरी वाचण्याचा धोका होता.

मुंबईच्या बंदरावर जहाज पाहून भुजंगरावांची मान मागं गेली ती टोपी पडेपर्यंत. अख्खं बेलपारडी, शिवारासकट, उभं करून ठेवावं एवढं ते होतं. दारात गणवेशातली एक तरुणी होती. छातीवर 'निकिता' अशी पट्टी. तिच्यापुढं एक यंत्र होतं. भुजंगरावांनी त्यात चेहरा घातला. यंत्र लाल झालं.

"सर, हे पंचफुलाबाईंचं नाव आहे. आपण मागच्या रांगेत या."

"मी सरपंच हाय."

"आपण पंचफुलाबाई आहात का?"

या प्रश्नाला तीन वर्षांत त्यांनी कागदोपत्री शेकडो वेळा होकार दिला होता. पण आता मागं शंभर माणसं उभी होती. "तसं न्हाई, पण तसंच समजा," ते म्हणाले.

"यंत्राला समजता येत नाही सर."

पंचफुलाबाईंनी पदर सावरून यंत्राकडं पाहिलं. यंत्र हिरवं झालं. आतून सोनेरी कार्ड आलं, त्यावर 'मुख्य प्रवासी' असं लिहिलेलं. मग करड्या रंगाचं आलं, 'सोबती'. निकितानं सोनेरी कार्ड बाईंच्या हातात दोन्ही हातांनी दिलं आणि करडं भुजंगरावांच्या. मागच्या अकरा सरपंचपतींनाही करडीच मिळाली. कोणी कोणाकडं बघितलं नाही.

आत थंडगार हवा होती आणि अत्तराचा वास. पाऊल बुडेल असा गालिचा. लिफ्टमधल्या गालिच्यावर 'शुक्रवार' असं विणलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तो उचलून 'शनिवार'चा टाकला. वार विसरण्याइतकं सुख या माणसांना आहे, याचा भुजंगरावांना हेवा वाटला. पण त्यांना तो फार वेळ करता आला नाही. खोलीचं दार त्यांच्या कार्डानं उघडेना. चौकशी केल्यावर कळलं की मुख्य प्रवासी आत असल्याशिवाय सोबत्याचं कार्ड चालत नाही. पंचफुलाबाई वरच्या मजल्यावर समुद्र बघत होत्या. भुजंगराव अर्धा तास दाराशी उभे राहिले. येणारे-जाणारे त्यांना खोलीतल्या सामानाबद्दल विचारू लागले. एका बाईनं तर दोन जादा उशा मागितल्या.

मग हे वाढतच गेलं. मालिश करून घ्यायला गेले तर पडद्यावर अक्षरं आली: 'मुख्य प्रवाशाची संमती प्रलंबित'. दुपारी दुसरा चहा मागितला, तरी तेच. पोहण्याच्या तलावापाशी त्यांना टॉवेल मिळाला, पण पंचफुलाबाईंनी मान हलवल्यावर. त्या मात्र प्रत्येक वेळी असतील तिथून उठून यायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, "घ्या की. मी कधी न्हाई म्हनले?" हे खरं होतं. आणि त्याचाच भुजंगरावांना जास्त त्रास व्हायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक्षण होतं. बारा सरपंचपती नव्या पँटी घालून पहिल्या रांगेत जाऊन बसले. निकितानं त्यांना नम्रपणे उठवलं.

"सोबत्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आहे. खालच्या दालनात."

खालच्या दालनात टॉवेलांचा हत्ती करायला शिकवत होते. त्यानंतर काकडीचं कमळ. त्यानंतर 'कर्तबगार जोडीदाराला आधार कसा द्यावा' या विषयावर चाळीस मिनिटांचं व्याख्यान. जिंतूर भागातला एक सरपंचपती, ज्याच्या नुसत्या खोकल्यावर तालुक्यात फाईल हलायची, तो टॉवेलाची सोंड हातात धरून हताश बसला होता. भुजंगरावांचा हत्ती मात्र बाराजणांत उजवा ठरला. टाळ्या झाल्या. त्यांना क्षणभर बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याची शरम वाटली.

दुपारी बाराही जणांनी निषेधाचं निवेदन तयार केलं. 'आम्हांस आमच्या पदाप्रमाणे वागणूक मिळत नाही,' अशी सुरुवात होती. पद कोणतं यावर बराच खल झाला आणि ते वाक्य मोघम ठेवायचं ठरलं. निकितानं निवेदन घेतलं आणि सांगितलं, "यावर मुख्य प्रवाशांच्या सह्या लागतील."

यात अडचण काहीच नव्हती. बाराजणांनी तिथल्या तिथं बारा बायकांच्या सह्या ठोकल्या. सवयीचे हात होते. कुठं अडखळले नाहीत. निकितानं कागद यंत्राखाली धरला. जहाजात चढताना बायकांनी केलेल्या सह्या त्या यंत्रात होत्या. बारा वेळा लाल दिवा लागला.

"या सह्या खोट्या आहेत," निकिता म्हणाली.

"ओ बाई, तीन वर्षं झाली, जिल्हाभर चालायल्यात ह्या!" भुजंगराव दुखावून म्हणाले.

"असतील सर. जहाजावर चालत नाहीत."

या सगळ्या धावपळीत बायकांचं काय चाललंय याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. वरच्या दालनात जहाजाचा इंजिनिअर पाण्याची व्यवस्था समजावून सांगत होता. टाकीत किती पाणी आहे, कोणत्या मजल्याला किती गेलं, हे रोज सकाळी फळ्यावर लिहिलं जातं, असं त्यानं सांगितलं. पंचफुलाबाईंनी हात वर केला.

"टाकी कोणाच्या खोलीपाशी हाय? कप्तानाच्या?"

इंजिनिअरला प्रश्न कळला नाही. निकितानं तो समजावून दिला, तरी त्याला कळला नाही. "टाकी जिथून सगळीकडे पाणी पोचेल तिथेच असते," तो म्हणाला. "दुसरीकडे कशाला ठेवतील?"

बारा बायकांपैकी एकीनं ते वहीत लिहून घेतलं. तिचं बघून बाकीच्यांनीही.

तिसऱ्या दिवशी सकाळी भुजंगराव पंचफुलाबाईंना शोधत वर आले, कारण नाश्त्याला त्यांची संमती प्रलंबित होती. समोर जे दिसलं त्यानं त्यांच्या पायाखालचं जहाज हललं. जहाज तसंही हलतच होतं, पण हे वेगळं होतं. पंचफुलाबाई आरामखुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर निळी फाईल उघडी होती.

झालं असं होतं, की लग्नानंतरच्या तेवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना सकाळी काही काम नव्हतं. म्हशी नव्हत्या, चूल नव्हती, धुणं कोणीतरी येऊन घेऊन गेलं होतं. भाकरी शोधायला बॅग उचकली, तर तळाशी ही फाईल सापडली. नववी पास असलेल्या बाईच्या हाताला काम आणि डोळ्यांना दुसरं काही नसेल, तर काय होतं याचा सरपंचपतींनी कधी विचार केला नव्हता.

"काय करायलीस?"

"वाचायलेय. मी कशाकशावर सही केली ते."

"आन ती इकडं. तुला त्यातलं कळत न्हाई."

"टाकी आपल्या मोसंबीत कशी काय?"

"जागा उंच हाय."

"उंच?" पंचफुलाबाईंनी कागदावरून नजर वर केली. "पाऊस आला की समद्या गावाचं पाणी आपल्या बागंत तुंबतंय. मागल्या पावसात तुमीच गुडघाभर चिखलातून आलाव. तिथून भीमनगरला पाणी चढंल कसं?"

"ती तांत्रिक बाब हाय."

"मग इंजिनेराला इचारते. खालीच हाय तो. बोलवू?"

भुजंगरावांनी आजूबाजूला बघितलं. कोपऱ्यात ओढून न्यावं असा कोपरा नव्हता. भावकीतलं कोणी नव्हतं. 'लोक काय म्हणतील' म्हणावं, तर लोक सगळे अनोळखी. इथं दम देण्याची काही सोयच नव्हती.

"घरी चल, मग बघू," ते शेवटी म्हणाले.

"बघू," पंचफुलाबाई म्हणाल्या. फाईल त्यांनी काखेत मारली. "आता नाश्त्याला चला. माझ्याबिगर तुमाला कोणी वाढायचं न्हाई."

परतीच्या प्रवासात, मुंबई ते पूर्णा, फाईल पंचफुलाबाईंच्याच पिशवीत होती.

सोमवारी शाळेत ग्रामसभा होती. भुजंगरावांनी पाठ धरल्याचं कारण सांगितलं आणि ते शाळेसमोरच्या हॉटेलात चहा घेत बसले. त्यांचा हिशेब पक्का होता. तासाभरात दिनकरराव धावत येतील, लोक हातापाया पडतील, मग जायचं. शाळेच्या खिडकीतून त्यांना सगळं दिसत होतं. पंचफुलाबाई मधल्या खुर्चीत बसल्या होत्या. दोनशे माणूस जमलं होतं. सभा सुरू होत नव्हती. दिनकरराव दर दोन मिनिटांनी दाराकडं बघत होते. अर्धा तास गेला. कोणीतरी ओरडलं, "सरपंच कवा यायलेत?"

भुजंगरावांनी समाधानानं दुसरा चहा सांगितला. तो संमतीशिवाय आला.

तेवढ्यात आत भीमनगरच्या सदस्या संघप्रिया उठल्या. त्या गावात ऑनलाइन अर्ज भरण्याचं केंद्र चालवत. अर्ध्या गावाची खरी नावं आणि खऱ्या जन्मतारखा त्यांनाच माहीत होत्या.

"कोणाची वाट बघायलाव?" त्यांनी विचारलं. "सरपंच अर्ध्या तासापासून तुमच्या पुढं बसल्यात."

दोनशे माणसांनी पंचफुलाबाईंकडं बघितलं. जणू त्या आत्ताच आल्या होत्या. पंचफुलाबाई उभ्या राहिल्या. आवाज पहिल्या वाक्याला फुटला, दुसऱ्याला सावरला. त्यांनी ठराव मोठ्यानं वाचला, बागेची ओळ आली तिथं थांबल्या आणि म्हणाल्या, "हे चुकीचं हाय. टाकी भीमनगरच्या टेकाडावर. ज्याला मान्य न्हाई त्यानं तिथं येऊन आठ दिस नळाला कळशी लावून बघावं." मोसंबीच्या बागा नसलेल्या सगळ्यांनी हात वर केले. गावात बागा तीनच होत्या.

पुढं सगळं नियमाप्रमाणे झालं. टेकाडावर टाकीची जागा पक्की झाली. अभ्यासदौऱ्याचा आढावा घेताना वरच्या कार्यालयाच्या लक्षात आलं की दौऱ्याहून परतलेल्या काही महिला सरपंच कागद वाचू लागल्या आहेत, त्यामुळे फाईली तुंबतात. लगेच परिपत्रक निघालं. यापुढे महिला सक्षमीकरणाच्या दौऱ्यांना, महिलांची प्रवासात गैरसोय टाळण्यासाठी, त्यांचे पती प्रतिनिधी म्हणून जातील.

टाकीच्या भूमिपूजनाची बातमी पेपरात आली. 'भुजंगराव दुधाटे यांच्या पाठपुराव्याला यश.' फोटोत भुजंगराव नारळ फोडत होते. भीमनगरच्या पोरांनी आभाराचा फलक लावला, त्यावरही तेच. संघप्रिया चिडल्या, फलकवाल्याशी भांडल्या. तो म्हणाला, "ताई, माझ्याकडं साहेबांचाच फोटो हाय. बाईंचा गावात कोणाकडंच न्हाई."

बेलपारडीची ही गत वाचून तुम्हाला हसू आलं असेल. येणारच. खेडं आहे, मागास भाग आहे. आपल्याकडं शहरात असं नसतं. गेल्या महिन्यात तुमच्या गल्लीतली गटार तुंबली, तेव्हा तुम्ही थेट नगरसेविकेला फोन लावला होता. पलीकडून एका बाईंनी उचलला आणि विचारलं, "बोला, काय अडचण आहे?" आणि तुम्ही अत्यंत अदबीनं म्हणालात, "वहिनी, जरा साहेबांना देता का?"