गुंडूअण्णांची असल चाकं

गल्लीत मयत झालेली, आत बायका रडताहेत, बाहेर पुरुष तिरडी बांधताहेत, आणि रस्त्याच्या कडेला एक धोतरवाले गृहस्थ उकिडवे बसून मोटारीच्या चाकावर कॉफीच्या चमच्याने टिचक्या मारताहेत, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. मोटार मयताच्या व्याह्यांची होती. गृहस्थांनी चाकाला कान लावला, डोळे मिटले, पुन्हा एक टिचकी मारली आणि उठून खणखणीत आवाजात निकाल दिला, "नक्कल. बिडी."

आतलं रडणं एकदम थांबलं. प्रत्येकीला वाटलं, आपल्यालाच म्हटलं.

बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि पाठोपाठ माझीही बदली बंगळूरला झाली, तेव्हाची ही गोष्ट. 'बिडी' म्हणजे कन्नडमध्ये 'सोडा हो', हे मला येत होतं. येत नसतं तर बरं झालं असतं. आमच्याकडे मयताच्या दारात कुणी मोठ्याने शिंकलं तरी लोक वर्षभर लक्षात ठेवतात. मी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "हे कोण?" तो म्हणाला, "गुंडोजीराव जाधव, आपले गुंडूअण्णा. तुमचे घरमालक की." भाड्याचं बोलणं आदल्याच दिवशी एका मध्यस्थामार्फत झालं होतं. मी घरी जाऊन सुमतीला, म्हणजे बायकोला, सामान सोडू नकोस म्हणून सांगितलं. तिने स्वयंपाकघर आधीच लावलं होतं.

गुंडूअण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेलं. चिक्कपेठेत कापडाचं दुकान, ते आता पुतण्या बघायचा. अण्णा विधुर. मूलबाळ नाही. मराठी बोलायचे, पण त्यात कन्नडची फोडणी इतकी की पुण्याचा माणूस अर्ध्यात उठून गेला असता. समोरचा कुणीही असो, त्याला ते 'स्वामी' म्हणत. आणि चामराजपेटेतल्या त्या घराच्या पुढच्या पडवीत, जिथे इतर लोक झोपाळा टांगतात तिथे, त्यांची मोटार उभी असे. युद्धापूर्वीची, विलायती, हिरवी, दोन माणसांची.

त्या काळातल्या बऱ्याच हौशी विलायती गाड्यांना सायकलसारखी तारांची चाकं असत. परदेशी माल येणं दुरापास्त झालं होतं. चाक वाकलं की असल मिळायचं नाही, मग गावातल्याच एखाद्या कारखान्यात हुबेहूब करून घ्यायचं. करून घ्यायला कुणाची हरकत नव्हती, कबूल करायला होती. मोटारवाल्या मंडळींत 'चाकं कुठली?' हा प्रश्न बाईला वय विचारण्याइतका नाजूक समजला जाई. आणि गुंडूअण्णा तो प्रश्न माणसाला विचारतच नसत. थेट चाकाला विचारत.

"माणूस बोलतो स्वामी, चाक सांगतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. चमचा कायम कोटाच्या खिशात. लग्नात नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी आली की हार बाजूला सारून टिचकी. डॉक्टर रोग्याला बघायला आले की डॉक्टर रोग्याची नाडी बघणार, हे डॉक्टरांच्या चाकाची. गावातल्या हौशी मोटारवाल्यांच्या मंडळाने तर त्यांना चाकांचे परीक्षकच करून टाकलं होतं. वार्षिक मेळाव्यात असल चाकांच्या गाड्या पुढच्या रांगेत आणि नक्कल चाकांच्या मागे, झाडाखाली. कुणाला कुठे उभं करायचं ते अण्णांचा चमचा ठरवी. दिवाणबहादुराचा नातू असो की कॉफीच्या मळ्यांचा मालक, अपील नाही.

दसऱ्याच्या आयुधपूजेला मला आणखी एक धक्का बसला. सगळं बंगळूर मोटारीच्या टपाला झेंडू बांधतं, कोहळा फोडतं. अण्णांनी फक्त चार चाकांना हळदकुंकू लावलं. इंजिनाला साधी उदबत्तीसुद्धा नाही. मी म्हटलं, "अण्णा, इंजिनाने काय पाप केलं?" ते म्हणाले, "इंजिन गडी आहे हो. गड्याला बक्षीस द्यावं, पूजा कशाला?" चाकं ते रिठ्याच्या पाण्याने धूत. सुमतीने रेशमी लुगड्यासाठी रिठे भिजत घातले तर ते वाडग्यासकट नाहीसे झाले. दर शुक्रवारी सकाळी ते एक छोटा पाना घेऊन चाकाशी बसत. टिचकी, पाना, टिचकी, पाना. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. दूधवाला भांडं खाली ठेवताना आवाज झाला तर त्याच्याकडे असं बघत की तो बिचारा दूध न मोजताच ओतून जाई.

हे सगळं माझ्या अंगावर येईल असं मात्र वाटलं नव्हतं. आमचे साहेब, पाटणकर म्हणून, धारवाडकडचे. त्यांनी अण्णांच्या गाडीसारखीच हुबेहूब विलायती गाडी घेतली होती. आमच्या सत्यनारायणाला ते तीच घेऊन आले. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, म्हणून मी आग्रहाने बोलावलं होतं. साहेब पाटावर बसले, प्रसादाची वाटी हातात घेतली, आणि रस्त्यावरून 'टिंग' असा आवाज आला. धावत बाहेर गेलो तोवर अण्णा उठून उभे राहिलेले.

"नक्कल," ते म्हणाले. "चारही. बिडी."

साहेबांनी वाटी खाली ठेवली. सत्यनारायणाचा प्रसाद टाकून उठणारा माणूस मी त्यापूर्वी पोथीतच ऐकला होता. दुसऱ्या दिवसापासून कचेरीत ते मला 'चाकवाले देसाई' म्हणू लागले, आणि मला कायम करण्याचा कागद त्यांच्या टेबलावर पडून राहिला. मी अण्णांवर चिडलो. चांगला चिडलो. म्हटलं, "तुमचा चमचा माझ्या मुळावर आलाय." ते शांतपणे म्हणाले, "स्वामी, मी काय करू? ते नव्हतं."

"काय नव्हतं?"

"ते," एवढंच बोलून ते आत गेले.

यानंतर काही महिन्यांत लोकांना एक बदल जाणवू लागला. अण्णा उदार झाले. पूर्वी दहा गाड्यांत एखादी असल निघायची. आता अर्ध्या निघू लागल्या. मंडळातले लोक म्हणू लागले, म्हातारा मऊ झाला. एकदा तर त्यांनी दूधवाल्याच्या सायकलीला टिचकी मारली आणि कितीतरी वेळ कान लावून बसले. मग म्हणाले, "असल." दूधवाला खूश झाला. मला मात्र चमत्कारिक वाटलं.

पाटणकर साहेब काही मऊ झाले नव्हते. त्या वर्षीच्या मेळाव्याला त्यांनी पदरच्या खर्चाने एक पाहुणा आणला. पिंटो साहेब म्हणून लष्करातून निवृत्त झालेले मोटारींचे मोठे जाणकार, मद्रासला राहणारे. छावणीकडच्या मैदानात गाड्या उभ्या, बायका रंगीत छत्र्या घेऊन हिंडताहेत, आणि पिंटो साहेब कोट काढून, बाह्या सारून, एकेका गाडीखाली निजताहेत. चाक उतरवून आतल्या बाजूचा शिक्का बघत, बोट फिरवत, उठत. पाटणकरांची चारही चाकं त्यांनी अस्सल विलायती ठरवली. मग मोर्चा अण्णांच्या हिरव्या गाडीकडे.

सगळे गोळा झाले. अण्णा हात मागे बांधून उभे होते. पिंटो साहेबांनी एक चाक उतरवलं, दुसरं उतरवलं, चारही पाहिली आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "काम अच्छा है. लेकिन विलायत का नहीं. इधर बंगलोर का है, कलासिपाळ्य का."

मैदानातला बँड वाजत होता म्हणून, नाहीतर आमचे श्वास ऐकू आले असते. ज्या माणसाने वर्षानुवर्षं अर्ध्या बंगळूरला झाडाखाली उभं केलं, त्याची स्वतःचीच चारही चाकं नक्कल. पिंटो साहेबांनी आणखी समजावलं की टिचकीचा नाद हा तारेच्या ताणाचा असतो, असलपणाचा नव्हे. तार आवळली की चढतो, ढिली केली की उतरतो. सायकलसुद्धा हवी तशी वाजवता येते.

मला वाटलं, अण्णा आता कोसळतात. ते म्हणाले, "ठाऊक आहे."

हा दुसरा धक्का पहिल्याहून मोठा होता. "मीच करून घेतली हो," ते म्हणाले. "कलासिपाळ्यातल्या कारखान्यात. युद्ध चालू होतं."

लोक भडकले. कुणी खोटारडा म्हणालं, कुणी बुवाबाजी म्हणालं. दिवाणबहादुराच्या नातवाने तर त्यांच्या खिशातला चमचा काढून गवतात फेकला. आणि आमचे पाटणकर साहेब, जिंकलेला माणूस जसा मोठ्या मनाचा होतो तसे, पुढे आले. म्हणाले, "जाधव, माझ्याकडे असल चाकांचा एक जादा संच पडून आहे. तुमच्या गाडीला बसेल. घेऊन जा. पुढच्या वर्षी पुढच्या रांगेत उभे राहा. झालं गेलं विसरू."

असल चाकं फुकट मिळताहेत, गेलेली अब्रू परत मिळते आहे, नको म्हणायला जागाच नव्हती. अण्णांनी हात जोडले. "उपकार स्वामी. पण नको. हीच असू देत." आणि गाडी त्यांनी स्वतः ढकलत नेऊन झाडाखाली लावली.

परीक्षकपद गेलं ते गेलंच, वर मुलं त्यांना 'नक्कलअण्णा' म्हणू लागली. चिक्कपेठेत पुतण्याला गिऱ्हाइकं विचारत, कापड तरी असल आहे ना? अण्णा घराबाहेर पडेनासे झाले. एका शुक्रवारी सकाळी सुमतीने मला ढकललंच. "जा आणि विचारा. माणूस आतल्या आत कुढतोय." मी गेलो. ते पाना हातात घेऊन चाकापुढे नुसते बसले होते.

मी सरळ विचारलं, "अण्णा, नक्कल आहेत हे ठाऊक होतं, तर लोकांना का छळलंत? आणि साहेब देत होते ती का नाही घेतलीत?"

त्यांनी पाना मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "आमची घरची गायची. तुळजाबाई. तंबोरा घेऊन बसली की वरच्या आळीतल्या तमिळ बायका गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या. तिला या गाडीतून फिरायचं होतं. चाकं वाकलेली, म्हणून नवी करून घेतली. पहिल्याच दिवशी कुरकुर. कारागीर म्हणाला, सगळ्या तारा एका आवाजावर आवळा. मला कुठला कान? मी पाना फिरवायचा, ती तिथे पायरीवर बसून सांगायची, हे उतरलंय, हे स्वल्प चढलंय. तिने सगळ्या तारा आपल्या श्रुतीवर, गायच्या पट्टीवर, लावून घेतल्या. दुसरी तिला येतच नव्हती."

"मग?"

"मग गळ्याचं दुखणं आलं. आवाज गेला. तंबोरा तिने भाचीला देऊन टाकला, बघवत नव्हता म्हणून. पण शुक्रवारी पायरीवर यायची. बोट वर, बोट खाली. शेवटपर्यंत." त्यांनी चाकावरून हात फिरवला. "तिची श्रुती आता एवढ्याच ठिकाणी आहे स्वामी. साहेबांची चाकं लावून मी काय ऐकू?"

मी विचारलं, "आणि बाकीच्यांच्या गाड्या?"

"चाक विलायती आहे की नाही ते मी कधी सांगितलंच नाही हो. लोकांनी तसं धरलं. मी ऐकायचो, हे तिचं आहे का? नसलं की नक्कल. आवाज ओळखता येतोय ना, तेही कळायचं." मग ते इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं. "डावा कान गेला. उजवा जातोय. आता सगळीच चाकं तिची वाटतात. दूधवाल्याची सायकलसुद्धा. तारा तर दर आठवड्याला उतरतात. मी कशावर लावू?"

मी चिडलो होतो त्याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. माणूस एकदा जातो, हे मला माहीत होतं. पुन्हा एकदा असा हळूहळू जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुमती दारात कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. ती माहेरी गाणं शिकलेली. आमच्या घरी भजनाला कुणी बेसूर झालं तर देवासमोरसुद्धा तोंडावर सांगणारी बाई. तुळजाबाईंना तिने कधी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. ती पदर खोचून पायरीवर बसली आणि म्हणाली, "मारा अण्णा टिचकी."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग बोटानेच तारेला टिचकी मारली. सुमतीने डोळे मिटले आणि बोट वर केलं. त्यांनी पाना फिरवला. पुन्हा टिचकी. बोट आणखी जरा वर. पाना. टिचकी. ती थांबली.

"हाच," सुमती म्हणाली.

अण्णांचा हात पान्यावरच राहिला. "नक्की अक्का? हाच?"

"हाच, अण्णा. दुसरा असूच शकत नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात सुमतीला सुराबाबत खोटं बोलताना मी त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज जराही हलला नाही. अण्णांनी त्या तारेला आणखी एक टिचकी मारली. मग पुढच्या तारेकडे सरकले.