शोनागचा एप्रन

नव्या नियमाप्रमाणे टॉर्मडच्या घरात धुराची तीन यंत्रं बसली. एक बैठकीच्या खोलीत, एक बोळात, एक स्वयंपाकघरात. एक ओरडलं की तिन्ही ओरडायची. ग्लासगोच्या मुलीने माणूस पाठवून ती बसवून घेतली होती.

"बाबा, आता मला घोर नाही," ती फोनवर म्हणाली.

"ओरडायला इथं धूर कुठाय?"

खरंच नव्हता. बायको शोनाग वारल्यापासून बैठकीच्या खोलीतली शेकोटी पेटलीच नव्हती. विजेच्या हीटरवर भागत होतं. तिचा एप्रन मात्र स्वयंपाकघराच्या दारामागे तसाच टांगलेला होता. टॉर्मड येता-जाता त्यात नाक खुपसायचा. आधी त्यात ती असायची. हल्ली नुसतं कापड लागायचं.

एका रविवारी चर्चहून येतो तर हीटर बंद पडलेला. रविवारी काम करायचं नाही, हत्याराला हात लावायचा नाही, ही बेटाची रीत. शेकोटीला हरकत नव्हती, सरपण शनिवारी घरात आणलेलं असलं म्हणजे झालं. पेटीतलं पीट, म्हणजे जाळायच्या दलदलीतल्या मातीच्या वाळक्या विटा, शोनागने आणलेलं होतं, तिच्या शेवटच्या शनिवारी. त्याने त्यातल्या दोन विटा हातात घेतल्या, मग पेटवल्या. धुराडं साफ करायचं राहिलंय हे ध्यानातच नव्हतं. धूर वर जायच्या ऐवजी खोलीत आला आणि तिन्ही यंत्रं किंचाळली.

शेजारची एफी आणि तिचा नवरा रोरी चर्चच्या काळ्या कपड्यांतच धावत आले. टॉर्मड शिडी ओढत होता.

"ठेव खाली," रोरी म्हणाला. तो चर्चचा पंच होता. "आज रविवार."

"मग कान फुटू देऊ?"

"वारा घाल. त्यात कसलं आलंय काम?"

"तुला कसं कळणार? काम कधी केलंयस?" एफी म्हणाली.

रोरी बोळात हॅट हलवू लागला, एफी स्वयंपाकघरात ताटली. टॉर्मडने हाताला लागलं ते कापड ओढलं आणि बैठकीच्या खोलीत झटकत सुटला. शेवटी एफीला खिडक्या उघडायचं सुचलं. यंत्रं गप्प झाली.

"माझ्यामुळे थांबली," रोरी म्हणाला.

टॉर्मडने हातात पाहिलं. एप्रन होता. होता नव्हता तो वासही आता गेला असणार. भीतभीत त्याने एप्रन नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला.

"धुरकटला ना?" एफी म्हणाली. "शोनागच्या अंगाला कायम हाच वास असायचा. दे, उद्या धुऊन आणते."

"हात लावू नकोस," टॉर्मड म्हणाला.

सोमवारी हीटर दुरुस्त झाला. रोरी धुराड्याचा ब्रश घेऊन दारात आला, तर टॉर्मड म्हणाला, "घाई नाही."

पुढच्या रविवारी, चर्चनंतर, तिन्ही यंत्रं पुन्हा किंचाळली. एफी उठली.

"बस," रोरी म्हणाला. "त्या दोघांचं चाललंय."