'येते' म्हणजे किती?

मनोजीराव काकांसमोर "कॉफी कडक झालीय" असं म्हणायची सोय नव्हती. हातातला कप खाली ठेवून ते विचारत, "नोडम्मा, हे बघ, कडक कॉफी, कडक ऊन, कडक हेडमास्तर. तिघांतला 'कडक' एकच काय?" तोवर कॉफी गार होई.

म्हैसूरला गोकुलममध्ये ते माझे घरमालक. खाली ते एकटे, वर मी. घराणं संस्थानच्या फौजेतल्या मराठ्यांचं, पण काकांनी जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर एकच खूळ घेतलं: प्रत्येक शब्दाला आकडे द्यायचे आणि त्या आकड्यांवरून अख्ख्या वाक्याचा अर्थ काढायचा. "नुसती बेरीज चालत नाही. 'कुत्रा माणसाला चावला' आणि 'माणूस कुत्र्याला चावला', दोन्हींचं उत्तर एकच येतं!" हे ते दूधवाल्याला अडवून कन्नडमध्ये समजावत. तो बिचारा "नक्की कोण चावलं?" एवढंच विचारून सटके.

साताऱ्याहून नोकरीसाठी आले तेव्हा त्या गावात मी कुणालाच ओळखत नव्हते. पहिल्या सकाळी सवयीने म्हणाले, "येते हं काका." संध्याकाळी परतले तर कट्ट्यावर दोन कप वाफाळती कॉफी.

"माझ्या गणितात 'येते'चं उत्तर 'येणार' असं आलं. म्हणून केली."

"अहो काका, दारात म्हटलेलं 'येते' म्हणजे 'जाते'!"

"अय्यो, हौदा? असं होय? मग दारालाही आकडा द्यायला हवा. दुरुस्त करतो."

दुरुस्ती कधीच झाली नाही. रोज संध्याकाळी दोन कप तयार. बाकी सगळं परकं असताना कुणीतरी माझी वाट बघतंय, एवढ्यावर मी त्या गावात टिकले. काकांचे हे उपकार मी विसरणार नाही.

मग बदली झाली. सामान टेम्पोत चढलं. परत येणं काही दिसत नव्हतं, आणि काकांशी खोटं बोलवेना. पाया पडून म्हणाले, "निघते, काका."

काकांनी चष्मा काढून पुसला.

"'निघते'ला मी आकडाच दिला नाही गं. कधी लागलाच नाही. तुझा जुनाच शब्द म्हण की."

मी म्हणाले, "येते, काका."

"सरि, ठीक," म्हणत ते आत वळले. "मग दोन कप कॉफीचं डिकॉक्शन लावून ठेवतो."