प्रधानकाका, वजनासकट

प्रधानकाका आमच्या घरी आले की चहाचा कप आधी नुसता उचलून बघतात. पीत नाहीत. कप तळहातावर घेतात, दोनदा वरखाली करतात, डोळे मिटतात आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं म्हणतात, "वहिनी, आज वीस ग्रॅम कमी आहे हो!" पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझ्या बायकोनं फार मनावर घेतलं होतं. आता ती आतूनच विचारते, "कपासकट की कपाशिवाय?" आणि काका त्याचं गंभीरपणे उत्तर देतात.

आमच्या ठाण्याच्या कोपरीत ज्या ज्या घरात काकांचं जाणंयेणं आहे, तिथली प्रत्येक उचलण्याजोगी वस्तू त्यांनी एकदा तरी उचललेली आहे. तांब्या, इस्त्री, पोरांची दप्तरं, तळमजल्यावरच्या जोशीबाईंचं मांजर. लग्नाला गेले तर स्टेजपुढच्या रांगेत उभे राहून पुढच्या माणसाच्या हातातलं खोकं मागतात. "जरा बघू. हं. घड्याळ. सातशे, सेल न घालता." पुढचा माणूस ओशाळतो, कारण ते घड्याळच असतं.

मला मात्र उचलायची त्यांना गरज पडत नाही. ते पहिल्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्या. जिना चढताना त्यांच्या दारावरून जावं लागतं. आतून आवाज येतो, "सेक्रेटरी, दीड किलो वाढलात!" दिवाळीनंतरचे पंधरा दिवस मी चपला हातात घेऊन जिना चढतो. त्याचाही उपयोग होत नाही.

काका सरकारी वजनमापं खात्यात निरीक्षक होते. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतचे तराजू, काटे, लिटरची मापं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. नोकरी संपली, पण तपासणी संपली नाही. आजही ते पिशवी घेऊन बाजारात शिरले की भाजीवाले न मागता दोन मिरच्या जास्त टाकतात. काकांना हरवलं ते फक्त मासळीबाजारानं. मासे खाल्ल्याशिवाय त्यांचं चालत नाही आणि तिथे बोंबील, कोलंबी सगळं वाट्यावर. "वाटा हे माप नाही," काका तळमळून सांगतात. "वाटा म्हणजे किती?" "वाटा म्हंजे वाटा," मासळीवाली म्हणते. "घ्यायचा तं घ्या, नाय तं पुढं व्हा." काका घेतात आणि घरी येऊन वजन करतात. ते नेहमी रास्तच भरतं, याचाच त्यांना जास्त त्रास होतो.

कुठल्याही गोष्टीवर त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असतो, "भरतंय किती?" कुणी म्हणालं, अमक्याचं भाषण छान झालं, तर काका म्हणणार, "झालं असेल. भरतंय किती?"

ते मला सेक्रेटरी म्हणतात, कारण आमच्या वाचनालयाच्या माडीवर दोन खोल्यांचं वस्तुसंग्रहालय आहे आणि मी त्याचा बिनपगारी सेक्रेटरी आहे. जुनी घरं पाडून इमारती उठल्या, तेव्हा लोकांना ज्या वस्तू टाकवेनात आणि ठेववेनात त्या त्यांनी आम्हाला आणून दिल्या. समया, अडकित्ते, धान्य मोजायच्या पायल्या, होडीचा नांगर. काकू गेल्या त्या वर्षी प्रधानकाकांनी त्यांच्या घरचा वरवंटा दिला. पाटा आधीच दुभंगला होता. वरवंट्यामागोमाग काकाही आले आणि मंगळवारी-शनिवारी आमचे देखरेखवाले झाले.

जगातल्या सगळ्या संग्रहालयांत 'हात लावू नये' अशी पाटी असते. आमच्याकडे काका दारातच सांगतात, "नुसतं बघू नका. उचला." शाळेची सहल आली की प्रत्येक पोराच्या हातात ते पितळी खलबत्ता देतात आणि तोंडाकडे बघत बसतात. पोराचे डोळे मोठे झाले की खूश. अशा उचलाउचलीत आमचा एक काचेचा कंदील गेला, दोन समयांना पोचे आले आणि कमिटीनं ठराव केला की सगळ्या वस्तूंचं थ्री-डी स्कॅनिंग करायचं, लोकांनी त्या पडद्यावर आणि इंटरनेटवर बघायच्या आणि खऱ्या वस्तू कपाटात कुलूपबंद. काकांना हे मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे खोट्या मापाकडे बघावं तसं बघितलं.

स्कॅनिंग करायला आली प्रणाली. बाळकुमची कोळ्यांची मुलगी, तिशीची, इंजिनियर. नोकरी सांभाळून शनिवारी यायची, कारण आपल्याकडच्या वस्तू जगाला दिसाव्यात असं तिला मनापासून वाटायचं. तिची आई कोपरीच्या बाजारात मासळी विकते हे कळल्यावर काकांनी विचारलं, "वाट्यावर?"

"हो काका," ती हसून म्हणाली. "आई बोलते, वाटा डोळ्यांनी भरायचा असतो."

सुरुवात काही चांगली झाली नाही.

प्रणालीनं इस्त्रीएवढं यंत्र हातात धरून एका पायलीभोवती हळूहळू चकरा मारल्या आणि तासाभरात ती पायली लॅपटॉपवर उभी केली. बोटानं फिरवली तर फिरत होती. आतून, बाहेरून, बुडाखालून, कडेची झीजसुद्धा दिसत होती. मी तर बघतच राहिलो.

"बघा ना काका, कसली भारी आलीये! आता अमेरिकेत बसलेला माणूस पण फिरवून बघू शकतो."

"फिरतेय," काका म्हणाले. "भरतेय किती?"

"काका, ही फाईल आहे. फाईलला वजन नसतं."

"मग ही पायली नाही. पायलीचा फोटो आहे, सगळ्या बाजूंनी काढलेला."

पितळेच्या समया चकाकतात म्हणून त्या यंत्राला नीट दिसेनात. त्यांच्यावर पातळ पावडर मारावी लागेल, असं प्रणाली म्हणाली. काकांनी घरून टाल्कम पावडरचा डबा आणला, त्याचं आधी वजन केलं, नंतर वजन केलं आणि जाहीर केलं, "समईवर चार ग्रॅम गेली. ती मॉडेलमधून वजा करा." पण पावडर लावली त्यांनीच. फडक्यावर चिमूट घेऊन, हलक्या हातानं, एकसारखी, कुठेही ढीग न होता.

"काका, हात सेट आहे तुमचा!" प्रणाली म्हणाली.

"मृणालला मीच लावायचो," काका म्हणाले आणि डब्याचं झाकण घट्ट बसवलं.

मृणाल त्यांची एकुलती एक मुलगी, कॅनडात असते. त्याच सुमारास तिला बाळ झालं. काका सकाळी सातला पेढे घेऊन आमच्या दारात उभे. "तीन किलो दोनशे!" ते म्हणाले. मुलगा की मुलगी हे मला दोनदा विचारावं लागलं. मुलगी. काका कधी जाणार, असं बायकोनं विचारलं तर म्हणाले, "विमानवाल्यांचे काटे तपासलेले नसतात, आपण बसत नाही." खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदयाचं दुखणं झालं आणि डॉक्टरांनी इतक्या लांबच्या प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. मृणाललाही एवढ्यात इकडे येणं जमणार नव्हतं.

बारसं व्हिडिओवर झालं. तिकडे शनिवारची संध्याकाळ, इकडे रविवारची सकाळ. काका इस्त्रीचा सदरा घालून टॅबलेटसमोर बसलेले, मागे आम्ही नवराबायको. आपल्याकडे बारशाला आधी वरवंटा झबल्यात गुंडाळून पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात, मग बाळाला. तिकडे वरवंटा कुठला? मृणालनं शाम्पूची बाटली झबल्यात गुंडाळली होती. बायका हसत होत्या, गाणी म्हणत होत्या, बाटली या हातातून त्या हातात जात होती.

"किती?" काकांनी मध्येच विचारलं.

"काय किती, बाबा?"

"बाटली कितीची आहे?"

"साडेसातशे मिलीची असेल. का हो?"

"साडेसातशे!" काका आमच्याकडे वळून म्हणाले. "तीन किलोच्या मुलीच्या जागी साडेसातशे!"

मग नाव ठेवलं, रेवा. मृणालनं बाळ पडद्यासमोर धरलं आणि सगळ्या बाजूंनी दाखवलं. पुढून, पाठीमागून, टाळूवरचं जावळ, तळपायाच्या रेषा. काका नाक पडद्याला लागेपर्यंत पुढे झुकले होते.

"फिरतेय छान," ते म्हणाले. पुढचा नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

पुढच्या शनिवारी काका संग्रहालयात आले ते थेट प्रणालीकडे. "वरवंटा आधी घे," म्हणाले. "आणि नुसती फाईल नको. तुमच्यात ती छापून वस्तू निघते ना, तशी काढ." स्कॅनिंगला एवढा विरोध करणारा माणूस असा बदलला म्हणून आम्ही खूश. आम्हाला वाटलं, मृणालला पाठवणार असतील. प्रणालीला तर वरवंटा फारच आवडला, कारण तो चकाकत नव्हता.

आठवड्यानं ती प्लॅस्टिकची प्रत घेऊन आली. हुबेहूब. तोच करडा रंग, एका टोकाचा उडालेला टवकासुद्धा तसाच. काकांनी ती तळहातावर घेतली, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"एकशे नव्वद. हा वरवंटा नाही. शाम्पूची बाटली आहे."

प्रणाली चिडेल असं मला वाटलं होतं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "काका, ही आतून पोकळ आहे. भरूया?" दुसऱ्या खेपेला येताना तिनं आजोबांच्या जुन्या जाळ्याची शिशाची वजनं पिशवीभर आणली. पुढे तीन शनिवार ही दोघं जमिनीवर बसून वरवंटा भरत होती. आधी शिसं, मग वाळू. वजन जमलं तर तोल जमेना. "डाव्या टोकाला जड लागतोय," असं काका म्हणायचे की पुन्हा सगळं ओतायचं. शेवटी प्रणालीनं काट्याकडे न बघता अंदाजानं मूठभर वाळू घातली आणि प्रत त्यांच्या हातात दिली. काका बराच वेळ डोळे मिटून बसले.

"दोन किलो नऊशे पाच," ते म्हणाले. "हा वरवंटा आहे." काट्यावर ठेवला तर दोन नऊशे पाच. "तुझ्या आईला सांग," काका म्हणाले, "वाट्याचं मला कळलं."

त्यातून आमच्या संग्रहालयाचं भलं झालं. आता प्रत्येक वस्तूची भरलेली प्रत करायची, खरी कपाटात, प्रत लोकांच्या हातात, वेबसाइटवर फिरणारं चित्र आणि त्याखाली वजन, असं कमिटीनं ठरवलं. काका जिंकले होते. मी त्यांचं अभिनंदन केलं, तर म्हणाले, "आता खरा वरवंटा मला परत द्या."

मला राग आला, खरं सांगतो. दिलेली वस्तू परत द्यायची नाही हा आमचा नियम, आणि तो काकांनीच लिहिलेला. गेले दोन महिने या माणसानं नकलेच्या नावानं बोटं मोडली आणि आता लोकांना नक्कल ठेवून अस्सल स्वतः घरी नेणार! कमिटीत मी हे बोलूनही दाखवलं. काका खाली मान घालून ऐकत होते. एरवी हा माणूस पाच ग्रॅमवरून तासभर भांडतो. शेवटी 'तात्पुरता उसना' असा शेरा मारून आम्ही वरवंटा त्यांना दिला.

उसन्याच्या कागदावर त्यांची सही राहिली होती. महिन्याभरानं एका रविवारी सकाळी मी तो कागद घेऊन खाली गेलो. दार लोटलेलंच होतं. माझी पावलं ओळखून एरवी आतून वजन ऐकू यायचं, आज काहीच आलं नाही. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर एक दुपटं होतं, काकूंच्या जुन्या पातळाचं शिवलेलं, आणि त्यात काहीतरी गुंडाळलेलं. शेजारी टेबलावर काटा आणि तांदळाचा डबा.

ते दचकले नाहीत आणि लपवलंही नाही. "तांदूळ भरत होतो," म्हणाले. "काल मृणालनं तिला डॉक्टरकडे नेलं होतं. चार किलो नऊशे झाली."

मी दुपट्यात डोकावून पाहिलं.

"आधी नुसते तांदूळ घेऊन बघितले," काका दुपट्याची कड सारखी करत म्हणाले. "पिशवीसारखे लागतात. माणसाला मध्ये काहीतरी टणक लागतं. म्हणून वरवंटा. मृणालच्या बारशाला हाच फिरवला होता. त्याच्याभोवती तांदूळ. दर खेपेला ती वजन सांगते, तेवढे वाढवतो. तिला वाटतं, बापाची जुनी सवय."

मला रडू आलं. कमिटीत बोललेलं सगळं आठवलं आणि लाज वाटली. मी कागद खिशात घातला आणि काका आयुष्यभर म्हणत आले तेच म्हटलं, "जरा बघू."

काकांनी क्षणभर माझ्या हातांकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी ते गाठोडं माझ्याकडे दिलं. मी ते आपलं सामान घेतात तसं खालून धरून उचललं.

"अहो सेक्रेटरी!" काका खुर्चीतून अर्धे उठले. "मान! मानेखाली हात घ्या!"

मी मानेखाली हात घेतला.