हासिन्तो नेमका कोणता

डॉन फिदेन्सियो बेकरीवाल्यांनी विधवा डोन्या ब्रिहिदाला मागणी घातली होती. तिचंही मन होतं, पण घोडं पेंड खात होतं ते तिच्या नवऱ्यापाशी. हासिन्तो वारला होता हे खरं, पण कोआतेपेक गावात तेवढ्याने नवरा सुटत नाही. मेलेलं माणूस हमिंगबर्ड होऊन घरच्यांना भेटायला येतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. ब्रिहिदाच्या अंगणात, लिंबाला टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटलीवर हमिंगबर्ड रोज येत. पंचाईत एवढीच, की ते दोन जातींचे होते.

एक हिरवागार, कानाशी जांभळा पट्टा असलेला. दिवसभर एकच पालुपद ओरडायचा आणि बाटली बापाने ठेवल्यासारखा येईल त्याच्या अंगावर धावून जायचा. दुसरा भुंग्याएवढा, गळ्यावर ठिपके असलेला. कोणी नाही असं बघून हळूच पिऊन जायचा. हा दुसरा आपला हासिन्तो, असं ब्रिहिदाने ठरवून टाकलं होतं. मेल्यावर माणूस निवळतो, असं तिचं मत होतं.

रविवारी डॉन फिदेन्सियो लाल रुमाल बांधून, गोड पाव घेऊन उत्तर विचारायला आले. नणंद ओतिलिया खुर्ची अडवून चॉकलेट पीत बसलीच होती. लाल रंग दिसताच हिरवा थेट त्यांच्या गळ्याशी भिडला. डॉन मागे सरले, वाळत घातलेल्या कॉफीच्या बियांवरून घसरले आणि पावासकट ओतिलियाच्या मांडीवर जाऊन बसले. चॉकलेट दोघांच्याही अंगावर सांडलं.

"बघितलंस वहिनी?" त्यांना ढकलत ओतिलिया म्हणाली. "माझ्या भावाला हे लग्न मंजूर नाही."

"तो हासिन्तो नव्हेच, वन्सं. आमचे हे म्हणजे तो चिमुकला. सकाळी येऊन गेला, चकार शब्द बोलला नाही. मुकी संमतीच म्हणायची."

"माझा भाऊ भुंग्याएवढा? आणि गप्प? अगं, तो झोपेतसुद्धा वाद घालायचा."

"मला कुठलाही चालेल," डॉन फिदेन्सियो कंबर धरून म्हणाले. "एकदा ठरवा म्हणजे झालं."

शेवटी शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या नोएमीला, ब्रिहिदाच्या मुलीला, पंच नेमलं. तिने दुर्बीण लावली आणि चिमुकला येऊन जाईपर्यंत कोणी हललं नाही.

"आई, ही मादी आहे गं. या जातीच्या नराचा गळा गुलाबी चमकतो. ठिपके बायकांना."

"आणि हिरवा?" ओतिलियाने विचारलं.

"फांदी अडवून दिवसभर ओरडतोय म्हणजे नरच."

ओतिलियाने छातीवर क्रुसाची खूण केली. "देवाने भावाची लाज राखली. हिरवा तोच हासिन्तो, आणि त्याचा नकार आहे. पटलं ना?"

ब्रिहिदा हिरव्याकडे बघत राहिली. तिला खरंच वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी एक शांत नवरा लाभला होता, तोही हातचा गेला. डॉन फिदेन्सियो मान खाली घालून सांडलेले पाव गोळा करू लागले.

"पटलं," ती म्हणाली. "त्या चिमुकल्याचं मन मला मोडवलं नसतं. पण हासिन्तो? त्याने माझ्या कुठल्या गोष्टीला हो म्हटलंय? बाग घेतली तेव्हा नाही, नोएमीला शिकवलं तेव्हा नाही. आमचा संसार त्याच्या नकारावरच तर झाला. डॉन फिदेन्सियो, तारीख काढा."

ओतिलिया घाईघाईने उठली.

"नोएमी, ती दुर्बीण आण बघू इकडे. माझा भाऊ इतका हिरवा नव्हता."